तू पाठवलेल्या वीस फोटोंत गणपती एकही नाही

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या बापट कॅम्पच्या कुंभारवस्तीतल्या एका मुलीचं सहा पानी पत्र आलं. शिल्पकलेची पदवी नुकतीच पूर्ण झालीय, घरी तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना आहे, आणि तिला पुढं मास्टर्स करायचंय. वडील म्हणतात, एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) कर आणि एखाद्या शाळेत लाग. आजोबा विचारतात, आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमाकार बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात शिकायला गेले होते? तिनं मला विचारलंय की मास्टर्स करावं का, केलं तर बडोद्याला की परदेशात, पैशाचं कसं जमवायचं, आणि सोबत जोडलेल्या वीस फोटोंवर प्रवेश मिळेल का. हेच प्रश्न घेऊन दरवर्षी चार-पाच मुलं तरी माझ्या स्टुडिओत येतात, म्हणून तिला दिलेलं उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

फोटोंपासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

तुझा हात तयार आहे. आजोबांच्या बस्टमध्ये, म्हणजे अर्धपुतळ्यात, खालच्या पापणीची जाडी तू ज्या हिशेबानं सोडलीयस, तो हिशेब कॉलेजच्या चार वर्षांत येत नाही, घरातून येतो. सात पोर्ट्रेट, घोड्याचे दोन अभ्यास, हातापायांचे पाच, दोन उठावशिल्पं आणि शेवटच्या वर्षातली चार अमूर्त कामं. मी हे वीस फोटो टेबलावर मांडले आणि चहा पिईपर्यंत नुसती बघत बसले. ते एकमेकांना ओळखत नाहीत. पोर्ट्रेट करणारी आणि ती अमूर्त कामं करणारी मुलगी एकच, हे फक्त खालच्या नावावरून कळतं. निवड समितीपुढं कसब असलेली मुलं ढिगानं येतात. त्यांना बघायचं असतं ते वेगळंच. हिला दोन वर्षं स्टुडिओत एकटं सोडलं, कुणी विषय दिला नाही, तर ही काय करत बसेल?

आणि वीसांत गणपती एकही नाही.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तू एक वाक्य लिहून पुढं निघून गेलीयस: ‘मे ते गणपतीपर्यंत कारखान्यातच असते, त्यामुळं स्वतःचं काम होत नाही.’ मी तिथं अडकले. चौदाव्या वर्षापासून तू डोळ्यांची आखणी करतेस. एकाच साच्यातून निघालेल्या तीनशे मूर्ती, नाक तेच, सोंड तीच, आणि तू ब्रश टेकवलास की प्रत्येकीची नजर वेगळी होते. चेहरा साच्यानं केला आणि नजर माणसानं, असं जगातलं फार थोडं शिल्पकाम असेल. ते काम ‘स्वतःचं’ नाही असं तुला कुणी शिकवलं?

त्याच पानावर पुराचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कुंभारवस्तीत शिरलं, गणपती महिन्यावर आलेले. दोन वर्षांनी जुलैत पुन्हा शिरलं. तू लिहितेस, पाणी उतरल्यावर कारखान्यात गेलो तर पाट ओळीनं तसेच होते, आणि प्रत्येक पाटावर शाडूचा एकेक लगदा. काही लगद्यांत सोंडेची गोलाई अजून दिसत होती. भिंतीवर पाण्याची रेघ. वडिलांनी चार दिवस काही हलवू दिलं नाही, आणि तू मोबाईलवर फोटो काढलेस. ते फोटो तू मला पाठवले नाहीस. घोड्याचे पाठवलेस.

माझं म्हणणं नीट समजून घे. पोर्टफोलिओत गणपती भर असं मी सांगत नाही. ‘कुंभाराच्या घरची मुलगी’ ही पाटी गळ्यात अडकवून मुलाखतीला जा, असं तर मुळीच नाही. तशी पाटी पहिल्या पाच मिनिटांत लक्ष वेधते आणि मग दोन वर्षं माणसाला जखडून ठेवते. मी एवढंच म्हणते, की तुझ्याजवळ प्रश्न आहेत आणि ते तू दाराबाहेर ठेवून आलीयस. विरघळावी म्हणूनच जी वस्तू घडवतात, तिच्यावर इतकी मेहनत का करायची? ती ठरलेल्या दिवसाआधी विरघळली तर ते विसर्जन म्हणायचं की नासाडी? गुजरातेतून गोण्या भरून आलेली शाडू पंचगंगेच्या गाळात मिसळली, तर ती माती आता कुठली? यातला एखादा प्रश्न धरून तू दहा कामं केलीस तर ती एकमेकांना ओळखतील. मग त्यात बस्ट असो, साच्याचा तुकडा असो की नुसता पाट.

हे मला आयतं सुचलेलं नाही. पदवीनंतर पहिल्या वर्षी मी एका ठिकाणी मुलाखतीला गेले. अल्बममध्ये अकरा बस्ट, एकाहून एक. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, “कुणी सांगितलंच नसतं, तर यातलं कुठलं काम तू केलं असतंस?” मला उत्तर देता आलं नाही. प्रवेश मिळाला नाही. परतीच्या गाडीत मला राग आला होता, पण तो प्रश्न गाडीतून उतरल्यावरही सुटला नाही. त्यानंतरचं वर्ष मी कोल्हापुरातच राहिले आणि त्या एकाच प्रश्नावर काम केलं. पुढच्या वर्षी बडोद्याला प्रवेश मिळाला.

आता मास्टर्सच्या दोन वर्षांत नेमकं काय होतं, ते सांगते. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडं ‘पदवीच्या पुढची पदवी’ एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

बाहेरून पाहिलं तर फार काही नाही. एक जागा मिळते, भिंत मिळते, उजेड मिळतो. वेळापत्रक जवळपास नसतंच. आठ-दहा मुलं वेगवेगळ्या राज्यांतून आलेली असतात. महिन्या-दोन महिन्यांनी सगळे तुझ्या कामाभोवती उभे राहतात, शिक्षकही आणि सोबतचेही, आणि बोलतात. याला कुणी जुरी म्हणतं, कुणी क्रिटिक. सोबत कलेच्या इतिहासाचे तास आणि शेवटी एक प्रबंध. पदवीला असताना शिक्षक चूक दाखवतात, खांदा उतरलाय, मान आखूड झालीय. इथं ते दाखवत नाहीत. इथं विचारतात, हे एवढं मोठं का? हे मातीत का, लाकडात का नाही? हे पाठीमागून कुणी बघणार आहे का? आपल्या कोल्हापुरी हाताला याची सवय नसते. पहिले सहा महिने हात बंद पडल्यासारखा होतो. माझा पडला होता. घरी फोन केला की आई विचारायची, काय केलंस, आणि सांगायला काही नसायचं.

त्या काळातली एक दुपार सांगते. वेस्ट मोल्ड तुला माहीत आहे: मातीच्या कामावर प्लास्टरचा पहिला थर नीळ घालून द्यायचा, त्यावर पांढरे जाड थर, मग माती काढून आत ओतीव, आणि शेवटी छिन्नीनं बाहेरचं कवच फोडायचं. निळं दिसलं की हात हलका करायचा, कारण आता मूर्ती जवळ आली. मी एक डोकं असंच फोडत होते. अर्धा गाल मोकळा झाला होता, बाकीच्या चेहऱ्यावर निळ्या खपल्या, वर पांढरे ढेकूळ. जेवायची वेळ झाली म्हणून छिन्नी खाली ठेवली. आमचे एक शिक्षक जाता जाता थांबले. म्हणाले, “जेवून ये, पण आल्याबरोबर पुढं फोडू नकोस. आधी बघ.” मी आले आणि बघितलं. आतापर्यंत शंभर वेळा मी ती निळी खपली कचरा म्हणून झाडली होती. त्या दिवशी दिसलं की ‘आता थांब’ असं सांगणारा तो रंग म्हणजे माझ्या आणि त्या चेहऱ्याच्या मधलं अंतर आहे. ते डोकं मी तसंच ठेवलं. पुढचं दीड वर्ष त्यातून निघालं. हे शिकायला बडोद्यालाच जावं लागतं का? नाही लागत. पण छिन्नी खाली ठेवून बघत बसायची मुभा देणारी जागा लागते, आणि तेव्हा शेजारून जाणारा माणूस लागतो. कारखान्यात ऑगस्टमध्ये ती मुभा कुणाला असते?

तुझ्या आजोबांचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. बाबूराव पेंटर कुठल्याच कलाशाळेत गेले नाहीत, हे खरं आहे. पण त्यांच्या घरात वडील कृष्णराव मिस्त्री हरहुन्नरी कारागीर होते. चुलतभाऊ आनंदराव सोबतीला होते, दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, आणि शाहू महाराजांच्या काळात गाणं-नाटक-चित्रकला एकाच गल्लीत भेटत होती. १९१६ मध्ये आनंदराव वारले, आणि दोघांनी मिळून सुरू केलेलं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम बाबूरावांनी पुरं केलं. रोज कामावर बोलणारी माणसं त्यांना आयतीच भोवती मिळाली होती. आजोबांना हेही सांग, की त्याच कोल्हापुरातून आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले, १८८८ साली व्हाइसरॉयचं पदक मिळवलं, आणि परत येऊन रंकाळा आणि कोटीतीर्थ ही इथली तळी रंगवत राहिले. गावाबाहेर जाऊन आल्यानं त्यांचा रंकाळा परका झाला नाही. तुझ्याभोवती आज चांगले कारागीर आहेत. कामाबद्दल प्रश्न विचारणारी माणसं कमी आहेत. ती कुठं मिळतील तिथं जायचं, एवढाच मुद्दा.

बाहेर जाऊन आपल्याच मातीकडं वळल्याची उदाहरणं आपल्या क्षेत्रात ठळक आहेत. मीरा मुखर्जी १९५३ ला म्युनिकच्या कला अकादमीत गेल्या. तिथल्या शिक्षकांनीच त्यांना आपल्या देशातल्या परंपरेकडं बघायला सांगितलं. परत आल्यावर त्या बस्तरच्या घढवा कारागिरांकडं ओतकाम शिकल्या, आणि त्या पद्धतीवर त्यांची पुढची ब्राँझची मोठी कामं उभी राहिली. रामकिंकर बैज तर शांतिनिकेतनातच राहिले. १९३८ चं ‘संथाल कुटुंब’ त्यांनी सिमेंट आणि तिथल्याच लाल मुरमाच्या खड्यांत केलं. तो खडबडीत पोत त्या जमिनीचा आहे. मृणालिनी मुखर्जी बडोद्यात शिकल्या आणि त्यांनी अंबाडी-तागाच्या जातीच्या दोरांना गाठी मारून माणसाहून उंच आकृती केल्या. तुझ्या कारखान्यात काथ्या पडलेला असतो. मी तुला त्याचं काही कर म्हणत नाही, पण साहित्य म्हणून त्याच्याकडं एकदा बघ.

आता जागांबद्दल. लांबड लावत नाही.

बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झाली. शंखो चौधुरींनी तिथं शिल्पकला विभाग उभा केला, आणि तुझ्यासाठी माझी पहिली पसंती तीच. कोल्हापूरहून एका रात्रीचा प्रवास, हिंदीत बोललं तरी चालतं, आणि शिल्प, मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग), चित्रकला, कलेतिहास हे विभाग एकाच आवारात असल्यानं माणूस आपल्या खोलीत कोंडला जात नाही. शांतिनिकेतनच्या कलाभवनाला, १९१९ पासूनच्या, वेगळी शांतता आहे. तिथं काम उघड्यावर होतं. हैदराबाद विद्यापीठाचा सरोजिनी नायडू स्कूलमधला विभाग लहान पण विचारांना धार लावणारा आहे. जे. जे. आपल्या घरचं. तिथली परंपरा तुझ्या हाताच्या जवळची, म्हणूनच तुला थोडं लांब जायचं असेल तर ते दुसऱ्या क्रमांकावर ठेव. बनारस, खैरागढ, बेंगळुरूची चित्रकला परिषद यांचीही माहिती काढ. केंद्रीय विद्यापीठांतले बरेच प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात आणि त्यावर पोर्टफोलिओ, प्रात्यक्षिक, मुलाखत असते. ज्यांच्याकडं पदवी नसून जी.डी. आर्ट ही सरकारी पदविका आहे त्यांनी त्या त्या विद्यापीठाची पात्रतेची अट सगळ्यात आधी वाचावी. या एका ओळीपायी वर्ष गेलेली मुलं मी पाहिलीत.

अर्ज करण्याआधी जाऊन ये. वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी गेलीस तर उत्तम. विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. त्यांना तीन गोष्टी विचार: शिक्षक स्टुडिओत किती वेळा येतात, भट्टी आणि वेल्डिंगची मशीनं चालू आहेत का, आणि रात्री काम करायला देतात का. मुलींना देतात का, हे वेगळं विचार.

परदेशाचं गणित वेगळं. अमेरिकेत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) दोन ते तीन वर्षांचं असतं, साधारण ६० क्रेडिटचं, आणि स्टुडिओ कलेत तिथं तीच शेवटची पदवी मानतात, म्हणजे कॉलेजात शिकवायला ती पुरते. पोर्टफोलिओ ऑनलाइन, साधारण १५ ते २० प्रतिमा, मुदती डिसेंबर-जानेवारीत. काही सरकारी विद्यापीठं शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ करून वर मानधनही देतात. तिकडं जायचंच असेल तर फक्त अशाच जागांना अर्ज कर. ब्रिटनमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजनं २०२२ पासून एमए एका वर्षाचं केलं. ज्या माणसाचा हात पहिले सहा महिने बंद पडणार आहे त्याच्यासाठी एक वर्ष फार थोडं, आणि खर्च फार मोठा. जर्मनीतल्या सरकारी कला अकादमींत फी जवळपास नसते. तिथं एका प्राध्यापकाचा वर्ग धरून वर्षानुवर्षं काम करतात, अर्जासाठी कामांची मोठी ‘मॅप’, म्हणजे पोर्टफोलिओ, तयार करावी लागते, आणि भाषा शिकावी लागते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तरी कारागिरी येणाऱ्या हाताला ती जागा मानवते असं माझं मत आहे, कारण तिथं कार्यशाळा आणि त्या सांभाळणारे उस्ताद यांना मान आहे.

पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. स्टुडिओ कलेच्या पदवीसाठी घर किंवा कारखाना तारण ठेवून कर्ज काढू नकोस. इंजिनिअरिंगचं कर्ज पगारातून फिटतं. आपल्याकडं पगाराची खात्री नाही, आणि महिन्याचा हप्ता डोक्यावर असला की माणूस पुन्हा तेच पुतळे करायला लागतो जे सोडून निघाला होता. मी स्वतः मागणीचे पुतळे केलेत, अजूनही करते, त्यात कमीपणा काही नाही. पण परत आल्यावर पहिली तीन वर्षं हप्त्यांसाठी तेच करावं लागलं, तर दोन वर्षांत जे उघडलं होतं ते मिटतं. देशातल्या सरकारी विद्यापीठांत फी परवडते. खरा खर्च साहित्य, खोली आणि जेवणाचा. तुझं वय पंचवीसच्या आत आहे, म्हणून संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती बघ. १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. परदेशासाठी इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन आहे, तिथं आधी प्रवेश मिळवून मग अर्ज करायचा असतो. आणि हंगामातली तुझी मजुरी. वडिलांशी स्पष्ट बोल, की आखणीचे पैसे या वर्षापासून तुझ्या नावावर बाजूला पडू देत. ते तुझे आहेत.

नोकरीचं. वडील चुकीचं बोलत नाहीत. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं तर एटीडी, मग एएम (आर्ट मास्टर) ही वाट आहे, आणि एमव्हीए, म्हणजे दृश्यकलेतलं मास्टर्स, करून ती आपोआप मिळत नाही. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत हे आधीच समजलेलं बरं. मास्टर्सनंतरची वाट कॉलेजात शिकवण्याची. त्यासाठी मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते, नेटमध्ये आपला विषय ‘दृश्यकला’ म्हणून असतो. पण जागा निघणं आपल्या हातात नाही. म्हणून वडिलांना नोकरीचं आश्वासन देऊन घरातून निघू नकोस. त्यांना खरं सांग, की दोन वर्षं मागतेय, खर्च एवढा, आणि जून ते सप्टेंबर यातले जे दिवस सुट्टीत बसतील ते मी आखणीला येईन. माझ्या वडिलांना मी खोटं आश्वासन दिलं होतं. प्राध्यापक होणार म्हणाले होते. ते वारले तेव्हा मी प्राध्यापक नव्हते, आणि ती गोष्ट मला आजही टोचते. बाकी सगळं त्यांनी समजून घेतलं असतं.

परत आल्यावर काय, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आईच्या मनात असणार. कोल्हापुरात परत येऊन शिल्पकार म्हणून राहता येतं. कावळा नाक्यावरचा ताराराणीचा पुतळा रोज बघतेस ना? रवींद्र मेस्त्रींनी तो घोडा मागच्या दोन पायांवर उभा केला. तेवढ्या वजनाचा तोल काढायची विद्या या गावात आहे. आणि फौंड्री आहेत. बडोद्यात आम्ही छोट्या भट्टीवर ओतकामाला रांग लावायचो, आणि इथं उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत रोज टनांनी लोखंड ओतलं जातं.

परतल्यावर मी एक काम घेऊन उद्यमनगरात गेले होते. गाठोड्यासारखा आकार, आतल्या बाजूला वळलेल्या घड्या. मोल्डरमामांनी फिरवून बघितला आणि म्हणाले, “ताई, ह्यो भाग वाळूतनं सुटणार न्हाई.” वाळूच्या साच्यात पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना, सरळ वर उचलावा लागतो, आतल्या घडीत वाळू अडकली की साचा मोडतो. त्यांनी खडूनं चार रेघा मारल्या, इथनं इथनं काप म्हणाले. पदवीनंतर लगेच गेले असते तर मी मेणाच्या पद्धतीनं ओतणारा माणूस शोधत फिरले असते, किंवा हट्टानं आकार बदलला असता. मी त्यांच्या रेघांवर कापलं. चार तुकडे वेगवेगळे ओतले. जोडावर धातूची जी पातळ पाकळी येते, ती फेटलिंगवाले घासून काढतात. मी ती ठेवायला सांगितली. त्यांना ते विचित्र वाटलं, दोनदा विचारून खात्री केली. आता तेच लोक मला फोन करून सांगतात, एक रिजेक्ट कास्टिंग पडलंय, बघून जा. माझं निम्मं काम या गावाच्या वाळूनं ठरवलेलं आहे, आणि ते ऐकायचा कान मला त्या दोन वर्षांत मिळाला.

राहिलं अर्जाचं. स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या टिपणात, ‘मला लहानपणापासून कलेची आवड आहे’ हे वाक्य तू तीनदा लिहिलंयस. तिन्ही खोड. आधी मराठीत लिही, आजीला सांगतेयस असं समजून, मग कुणाकडून तरी इंग्रजी करून घे. तू पत्रात लिहिलंयस, ‘प्रत्येक पाटावर एकेक लगदा होता आणि कुठला कुणाचा ते वडिलांना माहीत होतं.’ या एका वाक्यानं सुरुवात झाली तर वाचणारा खुर्चीत सरळ बसेल.

फोटो पुन्हा काढ. सगळे फ्लॅश मारून काढलेत, त्यानं माती सपाट दिसते. गच्चीवर सकाळी आठच्या आत, ऊन थेट पडत नाही अशा जागी, मागं राखाडी कागद, एका बाजूनं उजेड. प्रत्येक कामाचे तीन कोन, एक अगदी जवळून. खाली माध्यम, उंची सेंटिमीटरमध्ये, वर्ष. मागं दोरीवरचे कपडे दिसता कामा नयेत. पण कारखान्यातलं काम असेल तर मागचा कारखाना दिसू दे.

या वर्षी अर्जाची घाई करू नकोस. हंगाम तोंडावर आहे, तो कर. फक्त एक जाड वही ठेव आणि रोज रात्री पाच ओळी लिही: आज किती डोळे आखले, कुठल्या मूर्तीशी हात थांबला, का थांबला. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत चार महिने मिळतात. त्यात सहा-सात नवी कामं होतील. ती दसरा चौकात शाहू स्मारकच्या दालनात मैत्रिणींसोबत चार दिवस मांड, आणि लोक काय म्हणतात ते कोपऱ्यात उभी राहून ऐक. मग अर्ज, जिथली जी मुदत असेल ती आधी बघून.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी स्टुडिओत ये, दुपारी मी असते. वही आण, पुराचे ते मोबाईलवरचे फोटो आण. आणि त्या पाटांपैकी एखादा माळ्यावर अजून पडला असेल तर तोही घेऊन ये. येताना धुवू नकोस.